मिस्त्रींचं देणं

बेकर्सफील्डच्या त्या मिस्त्रींचे पैसे मी त्याच दिवशी चुकते केले. उरलेलं देणं फिटणारं नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी कॅलिफोर्नियात एक जुनं मोटरहोम घेतलं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या मिळून दहा टनांचं धूड. चारही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. ते मीच चालवते. लॉस एंजेलिसहून उत्तरेला येताना तेहोन खिंडीनंतर ग्रेपवाइनचा उतार लागतो, सहा टक्क्यांचा, मैलोन्‌मैल. तो उतरलो तेव्हा पुढचं उजवं चाक तापून लाल व्हायचं बाकी होतं आणि गाडी उजवीकडे ओढत होती. एका मोठ्या वर्कशॉपने काही न खोलताच सांगितलं, पुढचे दोन्ही कॅलिपर, डिस्क, सगळं नवं टाका.

मग आम्ही त्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी चाक उचललं. ब्रेक दाबून सोडला, तरी चाक जाम. मग कॅलिपरचा ब्लीडर स्क्रू जरासा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरू लागलं. म्हणजे कॅलिपर ठीक होता. रबरी होज आतून फुगला होता; पायाच्या जोराने ऑइल पुढे जाई, पण परत यायला वाट नव्हती. बाहेरून होज अगदी धडधाकट!

होज त्यांनी दोन्ही बाजूंचे बदलले. ‘होज दुरुस्त करायचा नसतो,’ एवढंच म्हणाले. कॅलिपरचे पिस्टन गुळगुळीत होते, म्हणून फक्त सील आणि बूट नवे, पिना घासून ग्रीस. तापून काचेसारखे झालेले पॅड फेकले. डिस्कवर कोरलेला किमान जाडीचा आकडा त्यांनी मला वाचायला लावला, मायक्रोमीटर माझ्याच हातात दिला. डिस्क अजून पुरेशी जाड होती, तडाही नव्हता. ती राहिली.

गॅरेज बंद करायची वेळ टळून गेली होती. घाई न करता हे सगळं मला दाखवायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. सगळं नवं टाकून चौपट बिल केलं असतं तरी मी मुकाट्याने दिलं असतं. आता ब्रेकचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती देववत नाही.

महिनोन्‌महिने उभी राहणारी जड गाडी तुमच्याकडे असेल, तर होज किती जुने आहेत ते आज बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि उतारावर ते पाणी उकळलं की पेडल खाली जातं. ऑइल दर दोन वर्षांनी बदला.