तिथीची पाऊणपट

काकू वैशाखात लग्न होऊन शिरगावला आली, त्या पहिल्या रात्री तिला वाटलं, पाऊस आला. माजघरातलं परकं अंथरूण, उशाशी ओळखीचं एकही माणूस नाही, आणि लांबून कुठून तरी, माडांच्या पलीकडून, कौलांवर सर चढत यावी तसा एकसारखा आवाज. ती उठली, हळूच कडी काढली आणि अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायला धावली. वर टिपूर चांदणं. कपडे खडखडीत कोरडे. आवाज मात्र थांबेना. पडवीत झोपलेल्या सासऱ्यांनी कूस बदलत सांगितलं, “सूनबाई, पाऊस नव्हे तो. गाज आहे.”

हा शब्द तिनं त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

ती कऱ्हाडकडची. कृष्णा-कोयनेच्या संगमावर खेळून वाढलेली. तिच्या लेखी पाणी म्हणजे एका दिशेनं जाणारं, निरोप घेतलेलं. दिलेला दिवा, सोडलेलं फूल, हातून निसटलेलं पातळ, सगळं पुढंच जाणार. गेलेलं पाणी परत येतं, दिवसातून दोनदा येतं आणि वेळ सांगून येतं, हे तिला इथं कळलं. हळूहळू तिच्या ‘अगं’चं ‘अगो’ झालं, भाकरीच्या जागी तांदळाचं घावन आलं, आणि गाज कानांत इतकी मुरली की माहेरी गेल्यावर तिला झोप लागेना. पण समुद्र? तो तिनं बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिला असेल. गणपतीपुळ्याला जाताना एस. टी.च्या खिडकीतून, किंवा विसर्जनाच्या गर्दीत चार डोक्यांमधून. आगरातली शिंपणं, विहीर, गोठा, उन्हाळ्यात फणसाची साठं, पावसाआधी आंबोशी, नंतर पुन्हा गोठा. समुद्रावर जायला काम लागायचं, आणि घरातल्या बाईचं एकही काम समुद्रावर नसायचं. समुद्र ऐकण्याच्या अंतरावर जन्म काढून त्यात पाऊल न बुडवलेल्या कितीतरी बायका मला आमच्या वाडीत दाखवता येतील.

काकूला समुद्र ठाऊक होता तो पंचांगातून. काका खाडीपलीकडच्या शाळेत मास्तर. तेव्हा पूल नव्हता. तरीतून जायचं आणि तरीतूनच यायचं, आणि तर चालायची ती पाण्याच्या मर्जीनं. म्हणून सासऱ्यांनी तिला पहिल्याच महिन्यात हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचे वाजलेले तास मिळतात. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. पुनवेला, अवसेला दुपार आणि मध्यरात्र. तेव्हा उधाण असतं, अष्टमीला भांग असतो, पाणी जेमतेम चढतं आणि जेमतेम उतरतं. काकूनं संसारभर हे गणित भाताच्या आधणाबरोबर मांडलं. कॅलेंडरकडे एक नजर, चुलीकडे एक. आज षष्ठी, साडेचारला भरती, म्हणजे मास्तर उजेडी येणार. आज द्वादशी, नऊला भरती, म्हणजे कंदील काचेसकट पुसून ठेवायचा. ज्या पाण्याचा रंग तिनं धड पाहिला नव्हता, त्याची पावलं तिला पाठ होती.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. हिशेब सुटलेला नाही.

गेल्या माघात मी चार दिवस घरी गेले होते. सकाळी ऊन अंगणात उतरलं तेव्हा ते इतकं स्वच्छ, इतकं कोवळं होतं, की त्याच्यात बसून राहण्यापेक्षा त्याच्याबरोबर कुठेतरी जावं असं वाटलं. मी म्हटलं, “काकू, चल, समुद्रावर जाऊ. नुसतंच.” ती सुपातल्या तांदळावरून मान वर न करता म्हणाली, “आज दशमी. साडेसातला भरती होऊन गेली. दीडच्या सुमाराला पुरती सुकती.” एवढं बोलून ती आत गेली, आणि बाहेर आली ती इस्त्रीचं निळं पातळ नेसून.

रत्नागिरीहून आमच्या शिरगावावरून, आरे-वारेमार्गे गणपतीपुळे जेमतेम २५ किलोमीटर. रस्ता घरांच्या ओट्यांना घासत जातो. जांभ्याचे गडगे, त्यांवर वाळत घातलेली जाळी, मोहोरानं जड झालेल्या कलमांचा तो गोड, किंचित तुरट, घशाशी येऊन थांबणारा वास. साखरतर. या नावात मला नेहमीच तर ऐकू येते. पूल आला तेव्हा काकूनं माझ्या हातावर हात ठेवला. मी गाडी कडेला घेतली. ती उतरली, कठड्याशी गेली. खाली पाणी ओसरत होतं, काठाचा चिखल उन्हात चमकत होता, त्यात एक होडी कलंडून बसली होती आणि एक बगळा, आपल्या सावलीला धक्का लागू नये अशा बेतानं, पाऊल उचलत होता. काकू या काठाकडून त्या काठाकडे पाहत राहिली. पुन्हा त्या काठाकडून या काठाकडे. जिच्यासाठी तिनं कंदील पुसले, ताटं झाकून ठेवली, दिवेलागणीनंतरच्या प्रत्येक पावलाला कान दिला, जी तिच्या मनात वर्षानुवर्षं रुंद होत गेली होती, ती खाडी.

“एवढीच?” ती म्हणाली.

पुढे बसणी, काळबादेवी, मग आरे. माडांच्या झापांमधून ऊन पडत होतं, त्याचे पट्टे गाडीच्या काचेवरून, काकूच्या मांडीवरून, तिच्या हातांवरच्या निळ्या शिरांवरून सरकत होते. मग सुरूचं बन लागलं आणि प्रकाशाची जातच बदलली. सुरूखाली ऊन पडत नाही, ते गाळून येतं. आणि नंतर चढण. डाव्या हाताला समुद्र आहे हे अंगाला कळतं, डोळ्यांना अजून दिसत नाही. तांबडी दरड, वाळलेलं सोनेरी गवत, एक वळण, दुसरं वळण, आणि त्या टेकाडावर रस्ता एकदम समुद्राच्या वर उघडा पडतो: मागे आऱ्याची पुळण, पुढे वाऱ्याची, दोन्ही बाजूंना दोन चंद्रकोरी ठेवाव्यात तशा, आणि मधे तुम्ही, वाऱ्यात. सकाळचं ऊन आपल्या पाठीशी असतं म्हणून पश्चिमेचा हा समुद्र सकाळी पाहावा. तो तेव्हा झगमगत नाही, डोळे दिपवत नाही; आपला रंग सांगतो. काठाशी दुधाळ हिरवा, मग मोरपिशी, मग गडद निळा, आणि अगदी शेवटी, आभाळाला टेकतो तिथं, काहीच नाही. फक्त एक रेघ.

काकू बोलली नाही. तिनं पदर घट्ट धरला होता, तो वाऱ्यासाठीच असं म्हणता येणार नाही.

या साऱ्या पट्ट्यात वरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. हत्ती आहेत, माणसं आहेत, मासेही आहेत. समुद्रापासून इतक्या उंचावर, तापलेल्या जांभ्यात बसून कुणीतरी मासा कोरला. त्याला घाई नसणार. खाली पाणी कधी चढतं, कधी उतरतं, हे त्यानंही चंद्राकडे पाहूनच ओळखलं असेल. त्या सड्यावरच्या माणसापासून काकूच्या चुलीपर्यंत एक हिशेब आला असेल का? त्या उंचीवर मला तसं वाटून गेलं. तिथं काहीही खरं वाटतं.

खाली वाऱ्याच्या पुळणीवर उतरलो तेव्हा बारा वाजत होते. वाळूवर मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांची. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मी मनोमन नमस्कार करते. समुद्राला दारं नाहीत, भिंती नाहीत; एक वेल आहे, आणि नेहमीची भरती तिच्याशी येऊन थांबते. काकूही तिथंच थांबली. वेलीच्या अलीकडे चटई टाकून आम्ही दडपे पोहे खाल्ले. समोर ओल्या वाळूवर इवले खेकडे वाळूच्या बारीक बारीक गोळ्या करून बिळाभोवती मांडत होते. दाराशी ठिपक्यांची रांगोळी, भरती येईपर्यंतची. काकू ती रांगोळी किती वेळ पाहत होती.

“त्यांना मालगुंडला न्यायचं होतं मला,” ती अचानक म्हणाली. “केशवसुतांचं घर दाखवायचं होतं. नुसतं घर नव्हे म्हणे, तिथं बसून कविता वाचून दाखवणार होते.” मालगुंड पुळ्याच्या पलीकडे, जवळच. केशवसुत तिथं १८६६ साली जन्मले. मी म्हटलं, जाऊ या ना, अर्ध्या तासात पोचू. तिनं मान हलवली. गणपतीला इथूनच हात जोडले. मग चटईवर आडवी झाली आणि उघड्यावर, भर दुपारी, सुरूच्या विरळ सावलीत, माझी काकू झोपली. मी तिला दिवसा झोपलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं. गाज तिच्या उशाशी होती, इतकी जवळ की तिच्यातली एकेक लाट सुटी सुटी ऐकू येत होती.

दोनच्या पुढे कधीतरी ती जागी झाली. समुद्राकडे पाहिलंही नाही. “पाणी फिरलं,” म्हणाली.

खरंच फिरलं होतं. आधी कळलं नाही. मग खेकड्यांची खालची रांगोळी गेली, मग तिच्या वरची. काकू उठली, मर्यादवेलीवरून काळजीनं, फूल न तुडवता, पाऊल टाकलं, आणि उतरत गेली. आम्हां मुलांना काकांची ताकीद असायची: आरे-वाऱ्याचं पाणी फसवं, गुडघ्याच्या पुढे जायचं नाही. मी तिचा हात धरला. पहिल्या लाटेनं तिच्या टाचांखालची वाळू ओढली तेव्हा ती एकदम थबकली, बोटं माझ्या मनगटात रुतली. “अगो, खालून नेतंय,” ती म्हणाली. आणि मग हसली. ते हसू मी ओळखत नव्हते. ते घरातलं नव्हतं; संगमावरच्या कुठल्यातरी परकऱ्या मुलीचं होतं. लाट घोट्याशी आली, पोटरीशी आली, निळ्या पातळाचे काठ काळे होत गेले, तिनं ते वर धरले नाहीत. आता ऊन समोरून येत होतं आणि समुद्र नुसता प्रकाश झाला होता. तिनं वाकून ओंजळ भरली, तोंडाजवळ नेली, जिभेला टेकवून पाहिली.

“पाऊण जन्म मोजलं,” ती पाण्याला म्हणाली. मला नाही.

परत येताना पुलावर ती थांब म्हणाली नाही. घरी आल्यावर पातळ धुवायला मागितलं तर देईना. तसंच पिळून अंगणातल्या दोरीवर टाकलं. रात्री मला जाग आली ती कडीच्या आवाजानं. दशमीचा चंद्र माडांवरून कलला होता, आणि काकू अंगणात दोरीशी उभी होती, पातळाचा काठ दोन बोटांत धरून. खाऱ्या पाण्याचा कपडा लवकर वाळत नाही. लांबून, माडांच्या पलीकडून, तो एकसारखा आवाज येत होता.

“आत घेऊ का?” मी विचारलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “पाऊस नव्हे तो.”