एक दाखला, सात झेरॉक्स

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर... टेंडर! हसू नका. माझा मामेभाऊ छोटा ठेकेदार आहे. शाळांची रंगरंगोटी, गळकी छपरं, संडास-बाथरूमची दुरुस्ती अशी कामं घेतो. माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे त्याच्या फायली लावायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

आता गंमत बघा. महापालिकेत ठेकेदार म्हणून नाव नोंदवताना त्याने पॅन, जीएसटी, आयकराची विवरणपत्रं, ताळेबंद, आधीच्या कामांचे दाखले असं सगळं दिलेलं आहे. ते तपासूनच नोंदणी मिळाली. तरी प्रत्येक निविदेला तेच पुन्हा स्कॅन करून तांत्रिक लिफाफ्यात चढवायचं. वर 'मी काळ्या यादीत नाही' असं स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र. (यादी ठेवते कोण? तीच महापालिका!) काम मिळालं की करारनाम्याला त्याच कागदांच्या छापील प्रती, आणि बिलाला पुन्हा. मागच्या कामाला मी मुद्दाम मोजलं. जीएसटीच्या एकाच दाखल्याच्या सात प्रती गेल्या, त्याही एकाच इमारतीत. टेबलं तेवढी वेगळी.

इथवर मी हसण्यावारी नेत होते. पण यंदा एका मनपा शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीची निविदा निघाली. काम लहान, त्याच्या हातचं. करायची इच्छाही होती. पण त्याने हिशेब मांडला: फाइलीला चार दिवस, सीएची फी, स्टँप, नोटरी, शिवाय बयाण्याचे पैसे अडकणार. "ताई, एवढ्या वेळात माझी दोन घरांची वॉटरप्रूफिंगची कामं होतात," म्हणाला आणि निविदा भरलीच नाही. शेवटी निविदा आली एकच, म्हणून फेरनिविदा काढायचं ठरलं. अख्खा पावसाळा तसाच गेला. त्या मुलींनी काय केलं असेल, हे काही मनातून जात नाही.

कारकुनांना शिव्या घालणं सोपं आहे हो, पण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली बाई आहे. प्रत्येक कागदामागे कुठलीतरी जुनी भानगड असते. कुणी अनुभवाचा खोटा दाखला जोडला, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, की यादीत एक ओळ वाढते. ओळ वाढवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. कमी करणाऱ्याला मात्र उद्या काही झालं तर उत्तर द्यावं लागतं. मग कोण कशाला कमी करील? आणि लबाडी करणाऱ्याची फाइल कधी अपुरी नसते. अडतो तो फाइल लावायला माणूस नसलेला.

ई-निविदेमुळे हे सुटेल असं मलाही वाटलं होतं. तिच्यामुळे पारदर्शकता आली, हे खरं. पण कागदांची यादी तशीच राहिली. आधी झेरॉक्स लागायची, आता पीडीएफ लागते, एवढाच फरक.

कमी करता येतं, हे आपल्याच देशात दिसलेलं आहे. २०१४ च्या सुमारास केंद्राने राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वतःच साक्षांकित केलेल्या प्रती चालवून घ्यायला सुरुवात केली. १ जुलै २०२० पासून छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी स्वयंघोषणेवर होते, एकही कागद जोडावा लागत नाही. उलाढालीचे आकडे पॅन आणि जीएसटीच्या नोंदींतून घेतले जातात. म्हणजे सरकारला जे ठाऊक आहे ते सरकारनेच बघायचं.

पालिकेला वेगळं काय करायचंय? नोंदणीच्या वेळी एकदा नीट तपासा, मुदत घाला. निविदेत फक्त नोंदणी क्रमांक मागा आणि त्या कामापुरतं विचारा: दर काय, माणसं किती, हातात आधीची कामं किती. जीएसटी चालू आहे की नाही, हे क्रमांक टाकला की त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. आणि यादीत नवी ओळ घालणाऱ्याने जुनी एक काढलीच पाहिजे, असा नियम करा.

असो, फार लांबलं. फेरनिविदा अजून निघायची आहे. या खेपेला भरायचीच, असं मी भावाकडून कबूल करून घेतलंय. फाइल माझ्याकडे लागली. प्रती काढून ठेवल्यात... दाखल्याच्या आठ, उगाच कमी पडायला नकोत.