चार बोटांनी दाबा

मोटारसायकल मी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले. मी शिकवते ती शाळा यवतेश्वर घाटाच्या वरच्या अंगाला, एसटीच्या वेळा शाळेशी कधी जुळत नाहीत, आणि स्कूटीची बारकी चाकं पावसाळी खड्ड्यांत नाचतात. म्हणून दीडशे सीसीची, पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी घेतली. गल्लीत चर्चा झाली, ती सोडून देऊ.

पहिल्या महिन्यापासूनच पुढचा ब्रेक मला मऊ लागायचा. लिव्हर दाबला की आधी नुसताच आत जायचा, दुसऱ्यांदा दाबला की मग धरायचा. पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला हे सांगितलं, तर तिथला पोरगा माझ्याकडे न बघता यांना म्हणाला, "मॅडमना सवय नाही अजून. चार बोटांनी दाबायला सांगा." यांनी मान डोलावली. मलाही ते पटलं. हाताला जोर यावा म्हणून रोज रात्री मालिका बघताना मी रबरी चेंडू दाबत बसायचे! पुढच्या मडगार्डवर दोन ठिकाणी रंग फुगून सुटला होता, तो कावळ्याचा प्रताप समजून मी सोडून दिला.

मग एक दिवस मोबाइलवर मेसेज आला : आपले वाहन सेफ्टी रिकॉलमध्ये समाविष्ट आहे, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. खाली एक लिंक. आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींना 'आज रात्री वीज कापली जाईल' अशा मेसेजने पंधरा हजारांना बुडवलं होतं. मी तो लगेच उडवला. पंधरा दिवसांनी पोस्टाने पत्र आलं, तेव्हा कुठे बसून वाचलं. पुढच्या कॅलिपरला ब्रेक ऑइलची नळी जोडणारा बोल्ट काही गाड्यांत ठरलेल्या जोराने आवळलेला नसण्याची शक्यता आहे, तिथून ऑइल झिरपू शकतं, ब्रेकची पकड कमी होऊ शकते, तपासणी आणि दुरुस्ती विनामूल्य. मी ते पत्र तीनदा वाचलं. त्यात चार बोटांचा उल्लेख कुठेच नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घाट उतरले तो दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मिस्टरांची गाडी का?" मी आरसी पुढे केली. त्याने नंबर टाकला आणि म्हणाला, "तुमची गाडी यादीत नाही." पत्र दाखवलं. "पत्रं सगळ्यांनाच जातात हो." माझा धाकटा भाऊ चिंचवडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याला काउंटरवरूनच फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तो काय टाइप करतोय ते बघ. चॅसी नंबर सतरा आकडे-अक्षरांचा असतो आणि त्यात ओ हे अक्षर येतच नाही. आय, ओ आणि क्यू वगळलेले असतात, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून." मुलाने खरंच ओ टाकला होता. हँडलच्या मानेवर कोरलेला नंबर मी रुमालाने चिखल पुसून स्वतः वाचून दाखवला. शून्य टाकल्यावर गाडी यादीत आली. जॉब कार्डवर त्याने 'जनरल सर्व्हिसिंग' लिहिलं, ते मी खोडायला लावलं. वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, एवढं येतं.

वर्कशॉपमध्ये ग्राहकांनी जायचं नसतं. मी गेले. फिटर साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा. बोल्टला पाना लावला तर तो जवळजवळ बोटानेच फिरला. बोल्टवर नळीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याची एकेक वायसर असते. जुन्या काढून त्याने एका पिशवीत घातल्या, त्या कंपनीला परत जातात म्हणे. नव्या बसवल्या आणि लांब दांड्याचा टॉर्कचा पाना लावून हळूहळू आवळायला लागला. एका क्षणी 'खट्' आवाज आला आणि तो थांबला. आवळायचं किती, हे त्याच्या दंडाने नव्हे, त्या आवाजाने ठरवलं होतं.

"आता एअर काढू. पोरगा जेवायला गेलाय. ताई, तुम्ही पंप मारता का?"

मी लिव्हरवर बसले, म्हणजे हात ठेवून. "मारा... मारा... धरून ठेवा." त्याने कॅलिपरचा निपल सोडला, पारदर्शक नळीतून पिवळसर ऑइल बाटलीत उतरलं आणि त्यासोबत बुडबुडे, साबुदाण्याएवढे. "हे बघा. ऑइल दाबून दबत नाही, हवा दबते. तुमचा जोर या बुडबुड्यांत जात होता." सातवीला विज्ञान मीच शिकवते. आठ-दहा वेळा मारा-धरा-सोडा झालं, बुडबुडे संपले आणि लिव्हर हाताखाली दगडासारखा घट्ट झाला. मडगार्डचे फोड दाखवले तर म्हणाला, "ब्रेक ऑइल रंग खातं." कावळा निर्दोष सुटला.

रात्री भावाने फोनवर कायदा सांगितला. आधी 2012 पासून कंपन्या आपापल्या मर्जीने गाड्या परत बोलवायच्या. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. आता सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण मालकांच्या तक्रारींवरून आदेश निघायचा तर त्या विक्रीच्या मानाने ठरावीक प्रमाणात याव्या लागतात. मी पहिल्या सर्व्हिसिंगचं कार्ड शोधून काढलं. तक्रारीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.

त्याच दुपारी सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून निघताना रिक्षा आडवी आली होती. मी सवयीने लिव्हर पूर्ण दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, लिव्हर बोटांखाली थरथरला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मीच तेवढी टाकीपर्यंत पुढे सरकले. थरथर एबीएसची, तो बिघाड नव्हे, हेही त्याच दिवशी कळलं.

घरी यांना सगळं सांगितलं. बोल्ट, बुडबुडे, ओ आणि शून्य. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग इतके दिवस सांगायचं नाही का?"

चेंडू टीव्हीशेजारीच पडला होता. सोमवारी तो शाळेत नेऊन पोरांना देऊन टाकला.