क्लबाच्या यादीतली आमची दोन नावे

क्लबाचे सभासद झाल्यापासून वस्तीतला एक प्रश्न आमच्या पाठीशी लागला आहे. जयंतीच्या वर्गणीला बसलेलो असो की कोणाच्या साक्षगंधाला गेलेलो असो, कोणीतरी विचारतेच, "भाऊ, त्या क्लबात तुमाले काय भेटते?" विचारणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नसते. आपल्या माणसाने पैसा आणि वेळ खर्च केला तर तो समाजाच्या कामी यावा, एवढाच त्यामागचा हिशेब. तो हिशेब एकदा वाचक बंधुभगिनींपुढे मांडावा असे आम्हां उभयतांना वाटले.

आमच्यापैकी एक बँकेत अधिकारी होते, दुसरी माध्यमिक शाळेत शिक्षिका. दोघेही वस्तीत जन्मलेले, वसतिगृहात राहून शिकलेले. आमचे विदर्भातले तालुक्याचे गाव. गावात असे दोन सेवा क्लब आहेत. आमचा त्यांतला कोणता ते सांगत नाही, कारण क्लब कळला की गाव कळते आणि गाव कळले की माणसे कळतात. रोटरीची सुरुवात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोला केली, आणि बारा वर्षांनी, १९१७ मध्ये, त्याच शहरात मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्स क्लब उभे राहिले. दोन्हींची मुख्य कार्यालये आजही त्याच इलिनॉय राज्यात आहेत. आपण भरलेल्या वर्गणीतला काही भाग तिकडे जातो हे आम्हांला आत गेल्यावर कळले. वस्तीत हे सांगितले तेव्हा एक काका म्हणाले, "अमेरिकेले आपली वर्गणी? बाबा, उलटंच झालं हे."

या क्लबांत अर्ज करून जाता येत नाही. आतल्या सभासदाने आपले नाव सुचवावे लागते, आणि मग मंडळ ते मान्य करते. कागदावर यात गैर काही नाही. परंतु आपल्या गावात आतला माणूस नाव कोणाचे सुचवणार? मित्राचे. मित्र कुठला? गल्लीतला, दुकानाशेजारचा, सोयरिकीतला. आणि गल्ल्या कशा वसल्या आहेत हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यामुळे कोणी मुद्दाम दार लावले नाही तरी आपली माणसे वर्षानुवर्षे बाहेर राहिली. आमचे नाव २००८ साली एका डॉक्टरसाहेबांनी सुचवले. बँकेतल्या कर्जाच्या कामात ओळख झाली होती, ती टिकली.

पहिल्या दिवशी पिन लावली, हार घातला, टाळ्या झाल्या. नंतर जेवणाच्या टेबलाशी एका सद्गृहस्थांनी विचारले, "आपलं मूळ गाव कोणतं?" गाव सांगितले. "नाही, त्याच्याही आधीचं?" आडनावावरून नीट उलगडा झालेला नव्हता. आम्ही सरळ सांगितले, आम्ही बौद्ध आहोत. ते "वा, छान" म्हणाले आणि भज्यांची प्लेट आमच्याकडे सरकवली. पुढे हे गृहस्थ चांगले निघाले, त्यांची हकिकत खाली येईलच.

दुसरी अडचण यादीची. क्लबाच्या छापील यादीत नवऱ्याचे नाव, धंदा, रक्तगट, वाढदिवस, आणि एका कोपऱ्यात 'सौ.'चे नाव. आमच्यापैकी जी शिक्षिका, तिने विचारले, रक्तगट मलाही आहे, मग माझी ओळ कुठे? हा वाद जुनाच आहे. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या रोटरी क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद केले म्हणून त्या क्लबाची मान्यताच काढून घेतली गेली. क्लब न्यायालयात गेला आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. लायन्सने त्याच वर्षी स्त्रियांना सभासदत्व खुले केले, रोटरीने १९८९ मध्ये नियम बदलला. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा नियम होऊन वीस वर्षे होत आली होती, फक्त आमच्या गावाने तो वापरला नव्हता. तिने स्वतंत्र वर्गणी भरली आणि यादीत स्वतंत्र ओळ घेतली. त्यानंतर आणखी दोघी आल्या.

काम कोणते केले, हे खरे सांगायचे. पोलिओचे रविवार आम्हांला आवडायचे. देशात पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला. लसीची थंड पेटी, बर्फ, याद्या, आणि डोस घेतलेल्या बाळाच्या डाव्या करंगळीला शाई. आमचे बूथ वस्तीत, विटभट्टीवर, पारध्यांच्या पालांजवळ असायचे. १३ जानेवारी २०११ ला हावड्यातल्या एका मुलीला झालेला पोलिओ हा देशातला या विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी शाळेच्या परिपाठात मुलांना हे सांगताना बाईंचा गळा दाटून आला होता. वृक्षारोपण, वक्तृत्व स्पर्धा, स्वेटर वाटप यांविषयी जास्त लिहीत नाही. पदग्रहणाच्या एका जेवणात जेवढा खर्च होतो तेवढ्यात वस्तीतल्या बऱ्याच मुलांची वह्या-पुस्तके झाली असती, हे आम्ही क्लबात बोललो आहोत आणि येथेही लिहितो.

नेत्रशिबिराचे मात्र सविस्तर सांगायला हवे. मोतीबिंदू हे आपल्या देशातले अंधत्वाचे मोठे कारण. केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि त्यात सेवाभावी संस्थाही रुग्ण शोधून आणण्याचे काम करतात. सकाळी नावनोंदणी, मग नजर तपासणी, रक्तदाब, साखर, डोळ्यांत थेंब. ज्यांचे ऑपरेशन करायचे त्यांना गाडीने जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतात, कारण शिबिराच्या जागी आता कोणी चाकू लावत नाही. आमच्या क्लबाचे शिबिर दरवर्षी बाजारपेठेतल्या एका मंगल कार्यालयात व्हायचे. जागा प्रशस्त, पंखे, पाणी, सर्व सोय.

आमच्या नात्यातली मोठी माय उंबऱ्यावर बसून माणसे आवाजावरून ओळखायची. सलग दोन वर्षे तिला सांगितले, मोठी माय, चल शिबिराला. ती ऐकेना. शेवटी म्हणाली, "त्या हॉलात पंगतीची भांडी घासाले गेलो आम्ही, मागच्या दारानं. समोरच्या दारानं जाची सवय नाही मले." भीती ऑपरेशनची नव्हती, दाराची होती. वस्तीत विचारपूस केली तेव्हा अशा आणखी कितीतरी म्हाताऱ्या निघाल्या.

क्लबाच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला की शिबिर यंदा बुद्धविहारात घ्यावे. कोणी विरोध केला नाही. एक ज्येष्ठ सभासद फक्त म्हणाले, "तिथे सोय होईल का?" आम्ही सोय वाचून दाखवली : मोठे सभागृह, दोन संडास, नळ, पक्का रस्ता, गाडी दारापर्यंत. तरी सगळे टेबलाकडे बघत होते. तेव्हा ते भज्यांवाले गृहस्थ, किराण्याचे ठोक व्यापारी, म्हणाले, "पेशंट तिकडं हाय तर शिबिर इकडं कायले घेता?" ठराव झाला.

इकडे विहार समितीतही बैठक बसली. क्लबाचे बॅनर विहाराच्या आत लागणार का, मूर्तीसमोर अध्यक्षांचे सत्कार होणार का, असे प्रश्न आले, आणि ते रास्त होते. ठरले ते असे : बॅनर फाटकाबाहेर, सत्कार नाही, सुरुवातीला वंदना. आम्ही आमची एक अट घातली. दरवर्षी म्हाताऱ्यांना रांगेत बसवून, हातात केळी देऊन फोटो काढायचे आणि खाली 'लाभार्थी' असे छापायचे, ते बंद. फोटो काढायचा तर डॉक्टर, नर्स आणि खुर्च्या उचलणाऱ्या पोरांचा काढा. वार्ताहर थोडे नाराज झाले.

मोठी माय आली. काठी टेकत, वस्तीतल्या बायांबरोबर आली. जिल्ह्याला ऑपरेशन झाले, डोळ्यात भिंग बसवले, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर आमच्यापैकी जी शिक्षिका ती उभी होती. मोठी मायने तिच्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, "माय व, तू तर म्हातारी झाली!" वॉर्डातल्या सगळ्या बाया हसल्या. दुपारच्या वेळी बाजारगल्लीतल्याही काही स्त्रिया विहारात तपासणीला आल्या होत्या. त्यांतल्या एकीने फाटकात थांबून विचारले होते, "चपला काढायच्या का?" इतकी वर्षे एका गावात राहून त्या प्रथमच आत येत होत्या.

तरीही वस्तीत काही जण म्हणतात, तुम्ही त्यांच्यात गेलात. त्यांना आम्ही १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेची आठवण देतो. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, आणि व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब. परक्यांना सोबत घेतले, कामाची सूत्रे हातून जाऊ दिली नाहीत. त्या सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू केले. आता सेटलवाडांचे नाव फारसे कोणाला आठवत नाही.

क्लबाकडून आपण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे १ जुलैला अध्यक्ष बदलतो, म्हणजे बदलतोच, आणि जाताना पै न् पैचा हिशेब देऊन जातो. आपल्या समित्यांत काही अध्यक्ष आमच्या लग्नाआधीपासून आहेत. (रागावू नये, ते आमचे मामाच आहेत.) आणि क्लबाने आपल्याकडून घेण्यासारखे असेल तर दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येऊन बघावे. लाखो माणसे येतात, ठिकठिकाणी भोजनदान चालते, आणि वाढणारा जेवणाऱ्याचे मूळ गाव विचारत नाही.

आमची सासू कालकथित झाली तेव्हा पुण्यानुमोदनाला क्लबाचे निम्मे लोक आले, निम्मे आले नाहीत. आलेले सतरंजीवर बसले, त्रिशरणाला उभे राहिले, जेवून गेले. किराणावाल्यांनी निघताना विचारले, "ते पाली शब्द कुठं लिहून भेटतीन का?" आम्ही त्यांना वंदनेचे छोटे पुस्तक दिले. न आलेल्यांशी आमचे बोलणे आहे, रुसवा नाही. पण यादीत नाव असणे आणि घरात पाय असणे यांतले अंतर त्या दिवशी मोजून झाले.

यंदा आम्ही वस्तीतल्या एका तरुणाचे नाव सुचवले आहे. मोटर वायंडिंगचे दुकान आहे, हात चांगला, शब्दाला पक्का. परवा तो बायकोसह घरी आला. वर्गणी किती, हप्त्याने भरता येते का, सफारी घालावाच लागतो का, हे सर्व त्याने विचारून घेतले. बायको इतका वेळ गप्प होती. तिने फॉर्म हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "सर, यात माझ्या नावाले जागाच नाही."

आम्ही कपाटातून दुसरा फॉर्म काढून दिला.