पत्ते, रियाज आणि धीर

भिलाईत माझ्याकडे टॅरोचे पत्ते आहेत असं कळलं की पहिला प्रश्न येतो, "आमच्या मुलाचं आयआयटीत होईल का हो?" कोचिंगचं गाव, आईबापांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पण पुढचं सांगण्यासाठी मी पत्ते काढतच नाही. चाळिशीनंतर खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची गायनाची परीक्षा द्यायचं मनात घेतलं, तेव्हापासून पहाटे तंबोरा लावण्याआधी एक पत्ता काढते आणि वहीत दोन ओळी लिहिते. एवढंच.

पंधराव्या शतकात इटलीत टॅरो हा निव्वळ खेळ होता; भविष्य त्याला चिकटलं ते पुढे अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. माझ्या संचातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने 1909 साली लंडनमध्ये काढलेली. त्यातला 'सेव्हन ऑफ पेंटॅकल्स' माझ्या फार जवळचा. कुदळीच्या दांड्यावर हात आणि हातांवर हनुवटी टेकून एक तरुण उभा आहे. झुडपाला नाणी लगडली आहेत, एक त्याच्या पायाशी आहे. तो दमलाय, की राखण करतोय? 'एट'मध्ये कारागीर मान खाली घालून एकेक नाणं घडवत बसलेला, गाव पार मागे राहिलेलं.

बागेश्रीतला कोमल गंधार माझा हलायचा, तेव्हा हे दोन पत्ते मी समोरासमोर ठेवले. आज मेहनत कमी पडतेय, की केलेली मेहनत मुरायची आहे? वहीतून उत्तर निघालं: ताना थांबवायच्या, नुसती आलापी करायची. अख्खा पावसाळा तेच केलं. गंधार जागेवर आला.

सासरे पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाचा कोक करणाऱ्या भट्टीवर होते. त्यांना पत्त्यांचं फारसं कौतुक नाही, पण त्या दिवसांत ते म्हणाले, "सूनबाई, कोळसा भट्टीत घातला की 16-18 तास तरी लागणारच. घाई चालत नाही. पण तापमानावरची नजर हटवलीस, तर सगळा घाण वाया." धीर म्हणजे काय, हे मला याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

ओरॅकल कार्डंही आहेत घरात. त्यांना टॅरोसारखी ठरलेली रचना नसते, ज्याचा त्याचा संच. मन खचलं की त्यांवरचे गोड शब्द बरे वाटतात. रियाजाच्या वेळी मात्र मला टॅरोच लागतो, कारण तिथे चित्र असतं आणि बोलावं आपल्यालाच लागतं.

यंदा परीक्षेचा अर्ज भरायचा नाही, असं मी ठरवलं आहे. विलंबित ख्याल अजून मनासारखा उभा राहत नाही.