अमानत

आपल्या समाजातले जे काही यतीमखाने मी आजवर पाहिले, त्यांतल्या बहुतेकांच्या दर्शनी खोलीत पुस्तकांचे एक कपाट असते. लोखंडी, काचेच्या दाराचे. काचेवर देणगीदाराचे नाव, खाली कुणाच्या तरी ईसाले-सवाबसाठी दिल्याची नोंद आणि कडीला कुलूप. आत पुस्तके अगदी नीट उभी असतात, कारण त्यांना कुणी हात लावलेला नसतो. पाहुणे येतात, त्यांना वार्षिक अहवाल दिला जातो. अहवालात ‘वाचनालय आहे’ असे छापलेले असते आणि ते खोटेही नसते.

बी.एड. करताना शालेय ग्रंथालयाच्या महत्त्वावर उत्तर लिहून मी चांगले गुण मिळवले होते. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त, साल १९३१, हे तेव्हा तोंडपाठ होते. पहिलाच सिद्धान्त असा, की पुस्तके वापरण्यासाठी असतात. हे पटवून देताना रंगनाथनांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचा दाखला दिला आहे. तिथे पुस्तके साखळीने फळीला बांधून ठेवत. वाचताना आम्ही वर्गात हसलो होतो. पुढे नोकरीत रुळल्यावर लक्षात आले, की साखळी गेली पण कुलूप राहिले.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. जवळच्या यतीमखान्यातल्या तीसेक मुली आमच्याकडे येतात. मराठीतला ‘अनाथ’ आणि आपला ‘यतीम’ हे दोन शब्द एक नव्हेत. ज्याचे वडील वारले आहेत अशा नाबालिग मुलाला शरीयतीत यतीम म्हणतात. त्यामुळे यांतल्या बऱ्याच जणींना आई आहे. ती कुठे धुणीभांडी करते, कुठे यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते, कुठे दुसऱ्या निकाहनंतर पहिल्या लेकरांसह तिला कुणी स्वीकारत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. तो उपाय ज्यांच्या वाट्याला आला, त्या या मुली.

वर्गात त्यांची एक गोष्ट मला खटकायची. पाठ्यपुस्तकातला धडा त्या घडाघडा म्हणत. त्याच धड्यातले एक वाक्य मी कोऱ्या कागदावर लिहून दिले, की अडखळत. त्या वाचत नव्हत्या, आठवत होत्या. पाठ्यपुस्तकाबाहेरचे छापलेले काही त्यांच्या हाती पडतच नव्हते. दुसरेही एक होते. एका थानातून सगळ्यांचे कपडे बेततात, एका देगचीतून सगळ्यांना वाढतात, एका घंटेवर सगळ्या उठतात. यात कुणाचा दोष नाही. तीस लेकरे सांभाळायची तर असेच करावे लागते. पण ‘मला हे नको, ते हवे’ असे म्हणण्याची वेळच त्यांच्यावर येत नाही. पुस्तकांचे कपाट उघडावे असे मला वाटले ते वाचनासाठी, तसेच या निवडीसाठीही.

२०१८ मध्ये मी यतीमखान्याच्या नाझिमसाहेबांना भेटले. ते मौलाना आहेत, वृद्ध आहेत आणि माणूस म्हणून अतिशय सरळ आहेत. माझे बोलणे ऐकून ते म्हणाले, “आपा, किताबें देने को मना नहीं. मगर ये यतीमों का माल है. फटेंगी, गुम होंगी, तो जवाब मुझे देना है.”

हे बोलणे टाळाटाळीचे नव्हते. यतीमाच्या मालाबद्दल कुरआनात किती कडक ताकीद आहे, हे आपण सारे जाणतो. मौलाना स्वतःच्या चहाचे पैसेही संस्थेच्या हिशेबात धरत नाहीत. कुलूप त्यांनी कंजूषपणाने नव्हे, भीतीने लावले होते. ती भीती अल्लाहची होती. म्हणून मी नियमांचे कागद पुढे केले नाहीत. ते कागद होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय सांगितले आहे. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत बालगृहासाठीही ग्रंथालयाची खोली आहे. पण कायद्याने दार उघडले असते, मन नाही. मी एवढेच म्हटले, “मौलाना, रजाईही यतीमांचाच माल. ती थंडीभर कुलपात ठेवून उन्हाळ्यात जशीच्या तशी दाखवली, तर अमानत सांभाळली असे होईल का?”

ते बराच वेळ तसबीह फिरवत बसले. मग म्हणाले, “तीन महीने देखते हैं. रजिस्टर रखना.”

कपाट उघडले तर आत दोनशेच्या आसपास पुस्तके निघाली. दहावीची जुनी गाइडे, इंग्रजी ज्ञानकोशाचे सुटे खंड, कुठल्याशा बँकेचे अहवाल, मुदत संपलेल्या डायऱ्या आणि मोठ्यांसाठी लिहिलेली बरीच दीनी पुस्तके. मुलांना वाचता येतील अशी चाळीसही भरली नाहीत. आपल्याकडे घरातली अडगळ काढली की ती मदरशात किंवा यतीमखान्यात जाते आणि देणाऱ्याला सवाबही हवा असतो. जे पुस्तक आपण आपल्या मुलाला देणार नाही, ते यतीमाला का द्यावे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही.

मग हळूहळू जमवाजमव केली. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची उर्दू आणि मराठी बालपुस्तके स्वस्त असतात, ती आणली. दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेचे ‘बच्चों की दुनिया’ हे मासिक २०१३ पासून निघते, त्याचे अंक मिळवले. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर उर्दू-मराठीसह कितीतरी भाषांतल्या चित्रकथा मोफत छापून घेता येतात. शाळेतल्या एका सहकाऱ्याने रंगीत छपाईचा खर्च उचलला आणि आम्ही त्या दाभणाने शिवल्या.

भाषेबाबत जे दिसले ते आवर्जून सांगते, कारण उर्दू माध्यमाच्या प्रत्येक शिक्षकाला ते उपयोगी पडेल. या मुलींची बोली दखनी. उर्दू पुस्तकातली भाषा ओळखीची, पण नस्तालीक लिपी लहान मुलींना जड जाते. मराठीच्या तासामुळे देवनागरी अक्षरे येतात, पण मराठी भाषा परकी वाटते. दोन्हींच्या मधे सोप्या हिंदीतली चित्रकथा ठेवली. अक्षरे मराठीच्या तासाची आणि शब्द घरातले! मुली वाचता वाचता हसू लागल्या, कारण कागदातून आपलेच बोलणे ऐकू येत होते. त्या पुलावरून काही जणी उर्दूकडे परतल्या, काही मराठीकडे गेल्या. मराठी ही आपलीच भाषा आहे हे आपण संमेलनांतून पुष्कळ सांगतो. लहान मुलीला ते भाषणाने पटत नाही, गोष्टीने पटते.

रविवारी असरनंतर मगरिबपर्यंत वाचनाची वेळ ठरली. आधी मी एक गोष्ट मोठ्याने वाचायची, मग प्रत्येकीने फळीवरून हवे ते पुस्तक उचलायचे. पहिल्या रविवारी गोष्ट संपली आणि सगळ्या ताठ बसून राहिल्या. एकीने विचारले, “आपा, सवाल नहीं पूछेंगे?” गोष्टीमागून प्रश्न येणार, बोध विचारला जाणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते. मी नाही म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना. दोन महिने गेल्यावर त्याच मला प्रश्न विचारू लागल्या.

प्रत्येकीचे नाव लिहून पुठ्ठ्याचे कार्ड केले. यतीमखान्यात ताटांवर, बिछान्यांवर क्रमांक असतात. कार्डावर पूर्ण नाव होते, वडिलांच्या नावासह. एका मुलीने ते कार्ड उशाच्या अभ्र्यात शिवून टाकले. तिला दुसरे करून दिले. फाटलेल्या पुस्तकाला दंड नव्हता. फाटले तर सर्वांनी बसून चिकटवायचे. मौलाना सुरुवातीला दर आठवड्याला रजिस्टर तपासत. तीन महिन्यांनी त्यांनी तपासणे सोडले. मुदत संपल्याचे मीही आठवण करून दिले नाही.

खरा पेच पुढे आला. मुलींची देखभाल करणाऱ्या खालांनी एक दिवस मला बाजूला घेतले. म्हणाल्या, “ये माँ-बाप वाली किताबें निकाल दो. बच्चियाँ रात को रोती हैं.” त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. बालपुस्तक उघडा, पहिल्या पानावर आई असते. मराठीतले आईवरचे सर्वांत प्रिय पुस्तक ‘श्यामची आई’ घराघरांत आहे. ते या मुलींच्या हाती द्यावे की नाही? माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचात राधाच्या घरातल्या माणसांची छोटी छोटी पुस्तके आहेत. तिसरीतली एक मुलगी लागोपाठ चार रविवार तोच संच घेऊन बसली. खाला घाबरल्या त्या तिच्यामुळे. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती रडत नव्हती. चित्रातल्या एकेका माणसावर बोट ठेवून आपल्या घरातल्या माणसांची नावे घेत होती. काही माणसे हयात होती, काही नव्हती. ती नावे विसरू नयेत म्हणून तिला ते पुस्तक हवे होते.

खालांना मी बोलावून ते दाखवले. रात्रीचे रडणे पुस्तकांच्या आधीही होते, हे त्यांनीच मग कबूल केले. फरक इतकाच, की पूर्वी कारण सांगता येत नव्हते. संच फळीवरच राहिला.

त्या दिवसांत डॉ. झाकिर हुसेन यांची ‘अब्बू खां की बकरी’ वाचली. चांदनी नावाची बकरी दावे सोडून डोंगरावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजून पहाटे मरते. झाडावरची पाखरे म्हणतात लांडगा जिंकला, एक म्हातारी चिमणी मात्र म्हणते चांदनी जिंकली. मुलींमध्ये दोन तट पडले आणि भांडण मगरिबच्या अजानपर्यंत चालले. मग मी त्यांना सांगितले, की ही गोष्ट लिहिणारे दहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले, पुढे काही वर्षांत प्लेगने आईही गेली आणि १९६७ मध्ये ते देशाचे राष्ट्रपती झाले. मला वाटले राष्ट्रपती म्हटल्यावर डोळे मोठे होतील. एकीने विचारले, “फिर उनको कहानी कौन सुनाता था?” मोठेपणाचे आकर्षण आपल्याला असते. तिला हवे होते ते वेगळेच.

पैशांचा प्रश्न मौलानांनी सोडवला. ज़कातच्या रकमेतून फळीसाठी पुस्तके घ्यावीत असे मी सुचवले, तर ते नाही म्हणाले. हनफी मसलकात ज़कात देताना घेणाऱ्याला त्या वस्तूचा मालक करावे लागते, ज्याला तमलीक म्हणतात. सामाईक कपाट कुणाच्याच मालकीचे नसते. मग तेच म्हणाले, “मगर बच्ची के हाथ में उसकी अपनी किताब दो, तो जायज़ है.” तेव्हापासून फळीवरची पुस्तके सदक्यातून येतात आणि रमज़ानमध्ये प्रत्येक गरजू मुलीला एक पुस्तक तिच्या मालकीचे मिळते. ते तिने स्वतः निवडायचे, हवे तर मैत्रिणीला देऊन टाकायचे. ज्या मौलानांनी कुलूप लावले होते, त्यांनीच मला मालकीचा अर्थ शिकवला.

मार्च २०२० मध्ये सारे बंद झाले. ज्यांना आई, मामा, चाचा होते त्या मुलींना घरी पाठवावे लागले. निघताना मौलानांनी स्वतः प्रत्येकीच्या पिशवीत दोन दोन पुस्तके घातली. पुढच्या काळात बऱ्याच मुली परतल्या, काही परतल्या नाहीत. एकीचा निकाह लावून दिल्याचे कळले. तिचे वय मला ठाऊक आहे, म्हणून ते लिहवत नाही. न आलेल्या पुस्तकांपुढे रजिस्टरमध्ये काय शेरा मारावा, असे मी मौलानांना विचारले. ‘गुम’ लिहायला त्यांचा हात होईना. त्यांनी सांगितले, “लिखो, घर गई.” त्या नोंदी तशाच आहेत.

आता रजिस्टर नववी-दहावीच्या मुली सांभाळतात. हे मुद्दाम केले आहे. शिक्षकाची बदली होते, नाझिम थकतात आणि एका माणसाच्या उत्साहावर उभे राहिलेले वाचनालय त्या माणसाबरोबर जाते. अठरा वर्षांची होऊन बाहेर पडलेली मुलगीही पुस्तक नेऊ शकते, कार्ड रद्द होत नाही, हा नियम मुलींनीच केला.

वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. यंदा रमज़ानमध्ये जवळच्या यतीमखान्यात काही द्यायचे मनात असेल, तर जुन्या पुस्तकांचा गठ्ठा पाठवू नका. तिथे जा. कपाटाला कुलूप असेल तर चिडू नका, किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांच्याजवळ बसा, त्यांची भीती समजून घ्या. मग एखाद्या मुलाला विचारा, तुला कशाची गोष्ट आवडते? पहिल्यांदा तो गप्प राहील, कारण असे त्याला कुणी विचारलेले नसेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा आणि पुन्हा विचारा.