भाट्याची पुळण आणि एक विसर्जित संघ

रत्नागिरीहून काजळी नदीची खाडी ओलांडली, कीं भाट्याची लांबच लांब पुळण लागते. मागें सुरूचें बन. ओहोटी लागली म्हणजे मुलें ओल्या वाळूंत काठ्या रोवून फुटबॉलचा डाव मांडतात. भरती तें क्रीडांगण पुसून टाकते. दुसरे दिवशीं तें पुन्हां आंखलें जातें.

मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघास हें भाग्य लाभलें नाहीं. एका उद्योगसंस्थेनें १९६२ सालीं स्थापिलेला हा संघ २००५-०६ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला. तथापि २०१० सालीं संस्थेनेंच तो विसर्जित केला. कीर्ति होती, द्रव्य होतें. परंतु आयुष्याची दोरी एकाच हातीं होती. वाचकहो, खेळ टिकवावयाचा तर त्याला पालक पुष्कळ हवेत.